शेतकरी कुटुंब आणि तालुक्याचा वकील

आमच्या हदगांव तालुक्यांत 'अमका वकिलाकडे गेला' असें ऐकलें, म्हणजे त्याच्या घरीं भांडण पेटलें असें लोक समजतात. ही समजूत अगदींच निराधार नाहीं. आपला शेतकरी वकिलाची पायरी चढतो ती बहुधा समन्स हातीं पडल्यावर, किंवा भावानें बांध फोडून नांगर आंत घातल्यावर. त्यापूर्वींचीं सर्व कामें त्यानें तलाठ्याच्या तोंडी सल्ल्यानें, मुद्रांक विकणाऱ्याच्या शब्दावर व गांवांतील एखाद्या जाणत्याच्या हस्ताक्षरानें उरकलेलीं असतात. मग वकिलापुढें जो कागदांचा गठ्ठा येऊन पडतो, त्यांत दुरुस्त करण्याजोगें फार थोडें शिल्लक असतें. महसूल खात्यांत कारकुनी करितांना असे गठ्ठे आम्हीं पुष्कळ सोडले व पुष्कळ बांधले. त्यावरून आमचें असें मत बनलें आहे कीं, शेतकऱ्यापुरतें पाहतां वकिलाचें मुख्य काम न्यायासनापुढें बोलणें हें नसून सहीच्या आधीं कागद वाचणें हें आहे. तालुक्याच्या ठिकाणचा वकील साध्या कुटुंबाच्या कोणत्या उपयोगीं पडतो, व त्याच्याशीं व्यवहार कसा ठेवावा, याचा विचार या लेखांत योजिला आहे.

विलायतेंत हें काम दोघांत वांटलेलें असतें. दस्त लिहिणें, मृत्युपत्र करणें, खरेदीचे कागद तपासणें हें सॉलिसिटर करितो, व वरिष्ठ न्यायालयांत युक्तिवाद बॅरिस्टर करितो. मुंबईस सॉलिसिटर हा शब्द अजून प्रचारांत आहे. परंतु १९६१ च्या ॲडव्होकेट्स अधिनियमानें आपल्या देशांत वकिलीचा धंदा एकच ठरविला, त्यामुळें हदगांवचा वकील दोन्ही कामें करूं शकतो. आपण मात्र त्याजकडे दुसरेंच काम नेतों, पहिलें कधीं नेत नाहीं.

निजामी अमलांत, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, येथील कोर्टांचें कामकाज उर्दूंत चाले. पुष्कळ शेतकऱ्यांस आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे, आणि त्यामुळें वकिलास मोठा मान असे. वसमत तालुक्यांतील पुरजळचे केशवराव कोरटकर वकिली करून पुढें हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. आमच्या शेजारच्या भोकरचे दिगंबरराव बिंदू हेही वकीलच. ते १९५२ सालीं हैदराबाद राज्याच्या मंत्रिमंडळांत गृहमंत्री झाले. आज सातबारा मराठींत आहे व तो घरबसल्या भ्रमणध्वनीवर दिसतो. यामुळें कागद आपणांस समजला असा भास होतो. अक्षर लागलें म्हणजे अर्थ लागला असें मात्र नव्हे.

सर्वांत मोठा गैरसमज फेरफाराविषयीं आहे. वडील वारले, तलाठ्याकडे (ज्यांस हल्लीं ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अर्ज दिला, नांवें लागलीं, मंडळ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित केली, कीं जमीन त्या नांवांची झाली असें सर्व गांव धरून चालतें. वस्तुतः महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याखालील नोंद ही मुख्यतः महसुलाच्या कामासाठीं आहे. ती खरी आहे असें कलम १५७ प्रमाणें गृहीत धरलें जातें, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. नोंदीनें हक्क उत्पन्न होत नाहीं व नष्टही होत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें पुनःपुन्हां सांगितलें असून २०२१ सालीं जितेंद्रसिंग विरुद्ध मध्यप्रदेश सरकार या प्रकरणांत पुन्हां बजाविलें आहे. ज्या बहिणीचें नांव वारसाच्या फेरफारांत घातलेंच नाहीं, तिचा हिस्सा त्या वगळण्यानें बुडत नाहीं. ज्या चुलत्याचें नांव जास्तीचें लागलें, तो त्या नोंदीमुळें मालक ठरत नाहीं. आमच्या हाताखालून हजारों फेरफार गेले. त्यांची किंमत कमी करून सांगण्यांत आमचा कांहीं लाभ नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

तथापि नोंद निरुपयोगी आहे असा कोणी अर्थ काढूं नये. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीचें अनुदान, सर्व कांहीं तिच्यावर चालतें. वारसानें मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आंत द्यावयाची असते. नोंद झाल्यावर हितसंबंधितांस नोटीस जाते व हरकतीसाठीं पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदींत जातें, त्यावर निर्णय होतो, व त्या निर्णयाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील करावें लागतें. ही नोटीस पुष्कळ जण खिशांत घालून विसरतात. नोटीस हातीं पडल्याबरोबर वकिलास दाखविली, तर दोन ओळींच्या हरकतीनें जें काम होतें, त्यासाठीं पुढें उशीर माफ करण्याचा अर्ज, मग अपील, मग फेरअपील अशी वाट तुडवावी लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, कोणतें भांडण कोणत्या दारीं न्यावें हें सांगणें वकिलाचें काम आहे. नोंद चुकली असेल तर महसूल कचेरी. पण जमीन कोणाची हाच प्रश्न असेल तर दिवाणी न्यायालय. हक्काचा वाद महसुली अपिलांत वर्षानुवर्षें फिरत राहतो, तहसीलीपासून आयुक्तांपर्यंत जाऊन येतो, आणि शेवटीं हुकुमांत एक ओळ येते, 'पक्षकारांनीं दिवाणी न्यायालयांत दाद मागावी.' तोंपर्यंत दिवाणी मुदतीचें काय झालें, हें कोणी पाहिलेलें नसतें. हक्क जाहीर करून मागण्याच्या दाव्यास साधारणतः तीन वर्षें, व दुसरा मालकीच्या भावनेनें बसला असेल तर ताबा मागण्यास बारा वर्षें अशी मुदत आहे. महसुली अपील चालू आहे म्हणून ती आपोआप थांबत नाहीं.

याच्या उलटही आहे. शेताचा वहिवाटीचा रस्ता शेजाऱ्यानें अडविला, तर लगेच दिवाणी दाव्याचा खर्च करण्याचें कारण नाहीं. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ प्रमाणें सहा महिन्यांच्या आंत तहसीलदाराकडे दाद मागतां येते, व ती तुलनेनें स्वस्त आहे. सहा महिने गेले म्हणजे ती वाट बंद होते. हद्दीचा संशय असेल तर आधीं भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आणावी. जो वकील पहिल्या भेटींत 'दावा टाकूं' म्हणण्यापूर्वीं मोजणी झाली कीं नाहीं हें विचारतो, तो वकील ओळखून ठेवावा.

आतां वाटणीकडे वळूं. आमच्या भागांत वाटणी पंचांसमक्ष होते, ती साध्या मुद्रांकावर लिहितात, सह्या-अंगठे होतात, व तो कागद देव्हाऱ्याजवळच्या पेटींत जातो. येथें एका शब्दानें केवढा फरक पडतो हें फार थोड्यांस ठाऊक आहे. 'आज रोजीं आम्हीं पुढीलप्रमाणें वाटणी करीत आहों' असें लिहिलें, तर तो कागद स्वतःच वाटणी करितो. त्याची नोंदणी न केल्यास न्यायालयांत तो वाटणीचा पुरावा म्हणून चालत नाहीं. 'पूर्वीं तोंडी वाटणी झाली असून तिची आठवण म्हणून हें लिहून ठेवितों' असें असेल, व तें खरेंही असेल, तर नोंदणी लागत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें काळे विरुद्ध एकत्रीकरण उपसंचालक या १९७६ च्या निकालांत हा भेद स्पष्ट केला. खोटा भूतकाळ लिहून पैसे वांचविण्याची युक्ति मात्र कोणी करूं नये. सातबारा, कर्जाचीं खातीं व ऊसाच्या नोंदी उलट बोलतात. सर्वांची संमति असेल तर कलम ८५ खालीं तहसीलदाराकडून वाटप करून घेतां येतें. नाहीं तर दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलें वाटणीपत्र करावें. या दोन्हींपैकीं कोणतें सोयीचें, तें वकिलानें कागद पाहून सांगावें.

मुलींच्या हक्काविषयीं येथें कांहीं कडू बोलावें लागेल. हिंदु वारसा अधिनियमांतील दुरुस्ति ९ सप्टेंबर २००५ रोजीं अमलांत आली. तिनें वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेंत मुलीस जन्मानें मुलाइतकाच हक्क दिला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणीं ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, त्या दिवशीं बाप हयात असण्याचीही आवश्यकता नाहीं. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेली वाटणी वा विक्री अबाधित आहे. पण रीतसर म्हणजे नोंदलेल्या दस्तानें किंवा न्यायालयाच्या हुकुमनाम्यानें. तोंडी वाटणीचा बचाव सहसा मानला जात नाहीं. सरकारी कागदांनीं तिला भक्कम आधार असेल तरच तिचा विचार होतो. म्हणजे ज्या घरांनीं नव्वदच्या दशकांत साध्या कागदावर भावाभावांत वाटणी केली व बहिणींस विचारलें नाहीं, त्यांचा कागद आज वाटतो तितका पक्का नाहीं. असा कागद ज्यांच्या पेटींत आहे त्यांनीं तो वकिलास दाखवावा.

हक्कसोडपत्राचा प्रकार याच्याशीं लागून आहे. आमच्या पाहण्यांत असें एक प्रकरण आलें होतें. वडिलांच्या तेराव्यास आलेल्या तीन बहिणींचे अंगठे एका कोऱ्या मुद्रांकावर घेतले गेले. भावांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. 'वारसाच्या कामाला लागतें' एवढेंच त्यांनाही कोणीं सांगितलें होतें. पुढें त्या कागदावर 'आम्हीं आमचा हक्क राजीखुशीनें सोडला' असा मजकूर चढला. सात वर्षांनीं रस्त्याच्या संपादनाची रक्कम आली तेव्हां धाकटी बहीण, जी मध्यंतरीं विधवा झाली होती, माहेरीं आली व आपला भाग मागूं लागली. कागदाची नोंदणी झालेली नसल्यामुळें तो भावांच्या उपयोगीं पडला नाहीं, व अंगठा दिलेला असल्यामुळें बहीण फसविल्याची तक्रार करूं लागली. जें घर राखी-भाऊबीजेस एकत्र जमत असे, तें तेथून पुढें तारखेसच एकत्र येऊं लागलें. बहीण खरोखर स्वेच्छेनें हक्क सोडीत असेल, तर तिनें तो नोंदलेल्या दस्तानें सोडावा. तलाठ्यापुढील जबाब त्यास पुरेसा नाहीं. त्यापूर्वीं तिला एकटीला, भावांच्या वकिलाकडे नव्हे तर दुसऱ्या वकिलाकडे, किती एकर सोडीत आहे व त्याची किंमत काय, हें समजावून घेऊं द्यावें. यांत भावांचाच लाभ आहे. समजून दिलेली सही पुढें उलटत नाहीं.

खरेदीच्या वेळीं वकिलाकडून शोध घेण्याची चाल आपल्याकडे बँकेचें कर्ज असेल तरच पाळली जाते. निदान तीस वर्षांच्या नोंदणीचा शोध, तितक्याच वर्षांचे फेरफार, व मराठवाड्यांत त्यामागेंही जाऊन १९५४-५५ चें खासरा पाहणी पत्रक पाहावें लागतें. हें पत्रक या भागाच्या जुन्या हक्कांचा मोठाच आधार आहे. जुन्या कागदांवर फसली साल असतें. त्यांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन साधारणपणें निघतो. निजामाच्या वेळच्या इनाम जमिनी, कुळास मालकीनें मिळालेल्या जमिनी, सरकारनें दिलेल्या जमिनी यांतील पुष्कळ आजही भोगवटादार वर्ग २ मध्यें आहेत, व सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्या विकतां येत नाहींत. हदगांव, हिमायतनगर, किनवट या बाजूस आंध जमातीचे खातेदार आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीनें परवानगीवांचून घेतली तर पैसा जातो व जमीनही परत जाते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यांतील बारीक अक्षर वाचण्याचे पैसे वकिलास दिले, तर ते एकराच्या किंमतीपुढें कांहींच नव्हेत.

सौदाचिठ्ठीविषयीं एवढेंच कीं, इसार देऊन बसूं नये. ठरलेल्या तारखेपासून, किंवा तारीख नसेल तर विक्रीस नकार कळल्यापासून, तीन वर्षांत दावा न केल्यास खरेदी करून मागण्याचा हक्क जातो.

याहून घातक एक चाल आहे, तिजवर थोडें थांबलें पाहिजे. लग्नासाठीं, दवाखान्यासाठीं किंवा बोअर पाडण्यासाठीं शेतकरी खाजगी माणसाकडून रक्कम उचलतो व तारण म्हणून गहाणखत न करतां चक्क खरेदीखत करून देतो. 'पैसे दिलेस कीं उलटून देईन' असें तोंडी ठरतें. फार तर वेगळ्या कागदावर लिहितात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ मध्यें १९२९ पासून अशी तरतूद आहे कीं, परत देण्याची अट त्याच दस्तांत नसेल तर तो व्यवहार सशर्त विक्रीचें गहाण मानला जाणार नाहीं. वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलेली अट गहाण सिद्ध करीत नाहीं. हें एक वाक्य वेळीं कानीं पडलें असतें, तर आमच्या माहितीच्या कित्येक विहिरी आज मूळ मालकाकडे असत्या. देणारा बेकायदा सावकारी करीत असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याखालीं जिल्हा निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याकडे, अर्ज करून जमीन परत मागतां येते. या अर्जास व्याजाच्या नोंदी, बँकेंतून गेलेल्या रकमा, ताबा आपल्याकडेच राहिल्याचे पुरावे लागतात. ते जमवून मांडणें वकिलाचें काम.

मावेजाच्या प्रकरणांत आमचा तालुका चांगलाच मुरलेला आहे. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे कालवे झाले, अलीकडे नागपूर-तुळजापूर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ येथून गेला. संपादनाचा निवाडा झाल्यावर रक्कम कमी वाटली, तर वाढीसाठीं न्यायाधिकाऱ्याकडे प्रकरण पाठविण्याचा अर्ज ठराविक मुदतींतच करावा लागतो. १८९४ च्या जुन्या अधिनियमांत व १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमांतही, निवाड्याच्या वेळीं हजर असणाऱ्यास ती मुदत सहा आठवडे आहे. आणि रक्कम उचलतांना 'तक्रार राखून' अशी नोंद करून सही केली पाहिजे. निमूटपणें घेतली तर वाढ मागण्याचा हक्क गमावण्याची पाळी येते. शेजारच्या खातेदारास न्यायालयानें वाढ दिली, तर ज्यानें अर्ज केला नव्हता त्यासही त्याच अधिसूचनेखालील जमिनीसाठीं त्या निकालापासून तीन महिन्यांत मागणी करितां येते. राष्ट्रीय महामार्गाची वाट निराळी आहे. तेथें १९५६ चा अधिनियम लागतो, वाद लवादाकडे जातो, आणि लवादाच्या निवाड्यास जिल्हा न्यायालयांत आव्हान देण्यास तीन महिने असतात. हे दिवस मोजण्याचें काम वकिलावर सोंपवावें, पण निवाड्याची प्रत हातीं पडल्याची तारीख आपण स्वतः लिहून ठेवावी.

याच प्रकरणांत टक्केवारीचा रोग फार आहे. 'आतां कांहीं देऊं नका, वाढीव रकमेंत इतके टक्के माझे' असा करार गरजू माणसास सोयीचा वाटतो. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणें वकिलास निकालावर अवलंबून फी ठरवितां येत नाहीं व दाव्याच्या फळांत वांटा घेतां येत नाहीं. २०१७ सालीं बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें टक्केवारीची फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरविली. अशा करारापोटीं कोरा धनादेश किंवा बँकेचें सही केलेलें पुस्तक कोणाच्याही हवालीं करूं नये. आमच्या मतें यांत वकिलांइतकाच दोष मधल्या दलालांचा आहे. गांवोगांव फिरून वकिलपत्रांवर सह्या घेणारे हे लोक वकील नसतात, व त्यांना कोणताही नियम बांधीत नाहीं. उघड फी घेऊन पावती देणारे वकील तालुक्यांत आहेत. त्यांचें नांव दलालाच्या तोंडीं सहसा येत नाहीं.

पैनगंगेपलीकडे सोयरीक असलेल्या घरांस एक निराळी अडचण येते. नदी ओलांडली कीं उमरखेड तालुका, म्हणजे विदर्भ. आपणांस १९५० चा हैदराबादचा कूळ कायदा लागतो, त्यांस १९५८ चा विदर्भाचा. आपल्या निकालावर १९८१ सालीं स्थापन झालेल्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावें लागतें, त्यांच्या निकालावर नागपूरकडे. ज्या घराची थोडी जमीन अलीकडे व थोडी पलीकडे आहे, त्यानें दोन्ही ठिकाणचे कागद एकाच वेळीं एकाच वकिलापुढें ठेवावे, नाहीं तर अलीकडचा दावा मिटतो व पलीकडचा फेरफार तसाच राहतो.

मृत्युपत्राविषयीं लोक उगाच भितात. तें साध्या कागदावर चालतें, मुद्रांक लागत नाहीं, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अवश्य लागतात. ते आपल्याहून वयानें लहान, लाभ न घेणारे व गांवांत राहणारे असावे, कारण पुढें त्यांपैकीं निदान एकास न्यायालयांत उभें राहावें लागतें. साक्षीदार म्हणून आपल्याच वयाचा सोबती निवडणें ही सर्वत्र आढळणारी चूक. अज्ञान मुलाच्या स्वतःच्या नांवची जमीन विकावयाची असेल, तर आईस किंवा बापासही न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ती न घेतल्यास मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तो व्यवहार रद्द करून मागूं शकतें. जमीन घेणारानें हें विशेष पाहावें.

आतां वकिलाशीं वागण्याच्या चार गोष्टी. फी आधीं ठरवावी व ती कोणकोणत्या कामाची, हें लिहून घ्यावें. नोटीस, दावा, मनाईचा अर्ज व अपील हीं निरनिराळीं कामें आहेत. कोर्ट फी, टंकलेखन व नकला यांचे पैसे निराळे व त्यांच्या पावत्या मागाव्या. मागण्यांत संकोच कसला? बियाण्याच्या दुकानांत आपण पावती घेतोंच कीं. मूळ दस्त शक्य तोंवर स्वतःजवळ ठेवून नकला द्याव्या, व मूळ द्यावेच लागले तर पोंच घ्यावी. वकिलपत्र कोरें असतांना सही करूं नये. वकील बदलावयाचा झाल्यास फी राहिली म्हणून त्यास कागद अडवून ठेवतां येत नाहींत, असें सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणांत ठरविलें. राहिलेली फी त्यानें निराळी वसूल करावी. एका पक्षास सल्ला दिल्यावर त्याच कामांत विरुद्ध पक्षातर्फें त्यास उभें राहतां येत नाहीं. प्रकरणाची पुढील तारीख ई-कोर्ट्सच्या भ्रमणध्वनी-सेवेवर कोणासही विनामूल्य पाहतां येते. घरांतील शाळकरी मुलाकडून ती दर महिन्यास पाहून घ्यावी.

ज्यांची ऐपत नाहीं त्यांच्यासाठीं विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ आहे. त्याखालीं तालुका विधि सेवा समिती न्यायालयाच्या ठिकाणीं काम करिते, व पात्र माणसास वकील व कोर्टखर्च विनामूल्य मिळतो. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व अपंग यांस उत्पन्नाची अट नाहीं. इतरांस महाराष्ट्रांत वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आंत असावें लागतें. मालमत्ता, पोटगी, घटस्फोट व हिंसाचार यांसंबंधींच्या प्रकरणांत स्त्रियांस या राज्यांत १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. वर ज्या विधवा बहिणीची हकीकत सांगितली, तिला यांतील कांहींच कोणीं सांगितलें नव्हतें. पहिल्या दाव्याच्या खर्चासाठीं तिनें गळ्यांतील सोनें मोडलें होतें. त्याच समितीमार्फत लोकअदालत भरते. तेथील तडजोडीस हुकुमनाम्याचें बळ असतें, तिजवर अपील नाहीं, व चालू दावा तेथें मिटल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नाहीं म्हणूनच तडजोडीच्या कागदावर गट नंबर, क्षेत्र, दिशा व रस्ता हे चारही नीट लिहिले आहेत कीं नाहींत, तें सही करण्यापूर्वीं आपल्या वकिलाकडून मोठ्यानें वाचून घ्यावें.

पहिल्या भेटीस जातांना गटाचा चालू सातबारा, आठ-अ, मिळतील तितके जुने फेरफार, खासरा पाहणीची नकल, वंशावळ व आलेली प्रत्येक नोटीस तिच्या पाकिटासह न्यावी. पाकिटावर टपालाची तारीख असते, आणि मुदतीच्या वादांत पुष्कळ वेळां पाकीटच उपयोगीं पडतें.